मदत हवी आहे: वाळपईजवळ राहून जुन्या पद्धतीची मिस्सा (चर्चमधली कॅथलिक उपासना) कशी जमवायची?

नमस्कार मंडळी. मी मूळची वसईची, आता नोकरीमुळे सत्तरीत, वाळपईपासून थोडं आत राहते. घरी १९६२ च्या मिस्सलप्रमाणे (मिस्सेच्या प्रार्थनांचं पुस्तक) लॅटिन मिस्सेची सवय. २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या मिस्सेची परवानगी बिशपांच्या हाती दिली, हे माहीत आहे. त्यामुळे कृपया तो वाद इथे नको. इथले फादर चांगले आहेत, त्यांच्याविरुद्ध काही नाही. कोकणी मिस्सेला जातेच, पण प्रवचन अर्धंच कळतं.

खरी अडचण एकटेपणाची. शुक्रवारी मांस वर्ज्य म्हटलं की कँटीनमध्ये थट्टा होते, आणि चाळीत ख्रिस्ती घर माझं एकटीचंच. रोझरी एकटीच म्हणते. पावसात वीज गेली की मेणबत्तीवर, मिस्सलची दमट पानं बोटांनी सोडवत. गाडी नाही, रविवारी कामाची पाळी लागते, संध्याकाळनंतर बसचा भरवसा नाही. मोबाईलवर मिस्सा पाहून झाली, मन लागत नाही. मिस्सा अशक्यच असेल तर चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन १२४८, प्रार्थनेत वेळ घालवायला सांगतो, तेही करते.

म्हापसा-पणजीकडच्या ओळखीच्यांना विचारलं, 'बघतो' म्हणाले. (गोव्यात 'बघतो' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच!) वस्तीतल्या खुरसाजवळ (क्रूसाजवळ) अजून लॅटिनमधून लदीन (लोकांनी मिळून गायची प्रार्थना) गातात असं ऐकलंय, ते मला चालेल, आवडेलच.

तर बिशपांच्या परवानगीने गोव्यात सध्या लॅटिन मिस्सा कुठे होते का, आणि डिचोली-सत्तरीत कुठल्या वाड्यावर लदीन असते, जिथे परक्या बाईने गेलं तर चालेल?