मदत हवी आहे: वॉरंटी संपलेल्या सीव्हीटी गाडीचा गिअरबॉक्स गेला म्हणतात, काय करावं?

जामसंडे (धागाकर्ता)

मंडळी, गाड्यांमधलं कळणाऱ्यांचा सल्ला हवा आहे. गाडी जानेवारी २०२० ची, पेट्रोल, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्टा-पुलीवर चालणारी) ऑटोमॅटिक, रनिंग ७६,००० किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, बोलणी अजून चालू आहेत. मूळ वॉरंटी आणि वर पैसे भरून घेतलेली वाढीव वॉरंटी, दोन्ही जानेवारी २०२५ मध्ये संपल्या.

गेल्या महिन्यात बाबांच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी देवगडहून कोल्हापूरला निघालो होतो. फोंडा घाट निम्मा चढल्यावर गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएम चार हजारांवर, पण वेग वीस-पंचविसाच्या पुढे जाईना. मग डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. बाजूला घेऊन बॉनेट उघडलं तर करपल्याचा वास. बऱ्याच वेळाने गाडी थंड झाली आणि काही झालंच नाही अशी चालायला लागली. दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूर गाठलं. येताना घाट उतरायचा होता, तेव्हा काही त्रास नाही. आता मात्र घराजवळच्या चढणीवर पुन्हा तेच. शिवाय रिव्हर्स टाकला की दोन-तीन सेकंद गाडी ढिम्म, आणि मग झटका.

कोल्हापूरला अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली होती. त्यांनी एक चक्कर मारली आणि "गिअरबॉक्स गेला, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" म्हणून सांगितलं. एस्टिमेट २,३४,००० रुपये, मजुरी धरून. नेमकं काय गेलं, तर "सीव्हीटी आम्ही उघडत नाही". कणकवलीचा ओळखीचा मेस्त्री म्हणतो, ऑइल बदलून बघू. पण प्रत्येक सर्व्हिसला मला हेच सांगितलं गेलंय की हे ऑइल लाइफटाइम आहे, बदलायचं नसतं.

गाडीला आज बाजारात साडेचार-पाच लाख येतील. त्यात सव्वादोन लाख घालायचे का? जुना गिअरबॉक्स बसवून भागतं का? कंपनीकडून काही सूट मागता येते का? आणि तोवर गावातल्या गावात चालवली तर चालेल का?

कुडाळी

गाडीक काय झालां ता अजून कोणीच बघूक नाय, आणि सव्वादोन लाख सांगून मोकळे! आधी स्कॅनरवर दिसता तो बिघाडाचो कोड मागून घे मेल्या, एस्टिमेट मगे बघ.

आजोळ वेंगुर्ला

विकून टाका आणि मॅन्युअल घ्या. घाट, पाऊस आणि वाटेत भेटेल तो मेस्त्री, ह्या तिन्हींना ऑटोमॅटिक मानवत नाही.

जामसंडे

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, क्लच दाबवत नाही. ऑटोमॅटिक हौसेने घेतलेली नाही हो. आणि ह्या अवस्थेत विकायला काढली तर एजंट दोन लाखांच्या वर बोलत नाहीत.

ऑइलकॅन

रत्नागिरीत गॅरेज चालवायचो, आता मुलगा बघतो. थोडं लांबेल, पण नीट वाचा.

आधी गाडी उभी करा. गावातल्या गावातसुद्धा नको. सीव्हीटीत दोन पुली आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा पट्टा असतो. पुलीच्या दोन बाजू जवळ-लांब होतात तसा रेशो बदलतो, आणि पट्टा पुलीत घट्ट धरून ठेवायचं काम ऑइलचा दाब करतो. दाब पडला की पट्टा घसरतो. घसरला की पुलीच्या गुळगुळीत अंगावर ओरखडे उठतात, आणि एकदा ते उठले की ऑइल बदलून काही उपयोग नाही. आज कदाचित थोडक्यात सुटणारं काम त्या चढणीवर महाग होत चाललंय.

आता कोड. दिवा लागला म्हणजे कोड साठलेला असणारच. वरवर बघितलं तर बहुतेक वेळा पी०७०० दिसतो, त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरची काहीतरी तक्रार आहे. स्वस्तातले ब्लूटूथ स्कॅनर बरेचदा तिथेच थांबतात. कंट्रोलरच्या आत शिरून वाचणारा स्कॅनर हवा. पी०२१८ निघाला तर ऑइल प्रमाणाबाहेर तापलंय. पी०७४६ म्हणजे प्रेशर सोलेनॉइड, म्हणजे ऑइलचा दाब सांभाळणारा विजेचा व्हॉल्व्ह, नीट काम करत नाही. तो बसतो व्हॉल्व्ह बॉडीवर, ऑइल कुठे आणि किती दाबाने जायचं ते ठरवणाऱ्या भागावर. पी०७३० म्हणजे रेशो चुकतोय, तिथे पट्टा घसरल्याचा संशय घ्यायचा. थंड झाल्यावर गाडी पूर्ववत झाली, यावरून मला तापण्याचा वास येतोय. पण मी इथे बसून गिअरबॉक्स पास-नापास करणार नाही. एक चक्कर मारून त्यांनीही करायला नको होता.

मग ऑइल. सोडाल तेव्हा स्वच्छ बाटलीत थोडं धरून ठेवा. काळपट आणि करपलेलं असेल तर तापलंय. दुधाळ झालं असेल तर पाणी किंवा कूलंट शिरलंय. पावसात पाण्यातून गेली होती का गाडी? गिअरबॉक्सला वर ब्रीदर (हवा ये-जा करायचं भोक) असतो, पाणी तिथवर चढलं तर आत जातं. त्यानंतर खालचं चेंबर (ऑइल साठतं ते भांडं) काढून आतली चुंबकं बघा. त्यांच्यावर राखाडी, मऊ थर सगळ्याच गाड्यांत असतो, त्याला घाबरू नका. चकचकीत कण किंवा बोटाला टोचणारा कीस दिसला तर आत धातू खाल्ला जातोय, मग असेंब्ली नाहीतर पूर्ण रिबिल्ड, तिसरा मार्ग नाही.

भरताना मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच सीव्हीटी फ्लुइड. साधं ऑटोमॅटिकचं ऑइल घालून "सगळा एकच असता" म्हणणाऱ्या मेस्त्रीला चहा पाजून वाटेला लावा. एका वेळी साधारण अर्धंच ऑइल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला भाग) आणि इकडेतिकडे राहतं, म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलायचं. लेव्हलसुद्धा ठरावीक तापमानालाच बघतात. लाइफटाइमचं म्हणाल तर, घाटात चालणाऱ्या गाडीचं ऑइल ५०-६० हजारांवर बदलायलाच हवं असं माझं मत आहे. परदेशात नेमकं असंच सांगणाऱ्या कंपन्या आहेत.

शेवटी आपल्याकडचे खास रोग. सीव्हीटीचं ऑइल थंड करणारा कूलर काही गाड्यांत पुढे बंपरमागे असतो. त्याच्या जाळीत लाल माती आणि गवत बसून हवा खेळत नाही. खाऱ्या हवेने बॅटरीची अर्थिंगची पट्टी हिरवी पडते, व्होल्टेज डगमगलं की कंट्रोलर काहीही कोड टाकतो. आणि गाडी माडाखाली उभी असेल तर उंदरांनी वायरिंग कुरतडलंय का तेही बघा. हसू नका, ह्या कामाची बिलं मी फाडलीत.

तपासायला गॅरेजला न्यायची तर गाडी फ्लॅटबेडवरच (सपाट पाठीच्या ट्रकवर) घाला, किंवा पुढची चाकं उचलूनच न्या. पुढची चाकं जमिनीवर टेकवून ओढायची नाही. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आत ऑइल फिरत नाही.

पडवीतला पंखा

जुन्या गिअरबॉक्सचं विचारलंत म्हणून. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात, कोल्हापूर-पुण्याकडेही मिळतील. पण कुठल्या गाडीतून काढला, तिचं रनिंग किती, ती पुरात बुडालेली होती का, हे कागदावर देणारा विकणारा मी तरी पाहिलेला नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात किती गाड्या पाण्याखाली गेल्या आठवतंय ना? त्यांचे भाग कुठेतरी गेलेच असतील. स्वस्तात आणलेला बसला नाही तर काढ-घालीची मजुरी दोनदा.

आणि एस्टिमेटवर जीएसटी कितीने लावलाय ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. कोणी जुना २८ टक्क्यांचा हिशेब पुढे सरकवला असेल तर तेवढ्यातच चांगली रक्कम सुटेल.

कज्जेदलाल

ओरोसला प्रॅक्टिस करतो. वॉरंटी संपल्यावरही मुळातल्या दोषाची तक्रार करता येते, फक्त दोष मुळातला होता हे दाखवायचं ओझं तुमच्यावर येतं. म्हणून एकच प्रश्न: वॉरंटी चालू असताना गिअरबॉक्सची तक्रार कधी लेखी दिली होती का? सगळी जॉब कार्डं काढा. बिलं नव्हे, जॉब कार्डं, गाडी सर्व्हिसला देताना तक्रारी लिहून घेतात ते कागद.

जामसंडे

सगळ्यांचे आभार. गाडी उभी केली आहे. पाण्यातून कधी गेलेली नाही, पुराच्या दिवसांत शेडमध्येच होती.

कज्जेदलाल, कार्डं काढली. नोव्हेंबर २०२४ च्या सर्व्हिसच्या कार्डावर माझी तक्रार लिहिलेली आहे, "रिव्हर्स टाकताना झटका". समोर त्यांचा शेरा, "टेस्ट ड्राइव्ह घेतली, ओके". तेव्हा वाढीव वॉरंटी चालू होती.

कज्जेदलाल

हे कार्ड लॅमिनेट करू नका, स्कॅन करून तीन ठिकाणी ठेवा.

आता क्रम असा. आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल, सर्व्हिस सेंटरला नव्हे. वॉरंटीच्या काळात केलेली तक्रार, तारीख, शेरा, आजचं एस्टिमेट आणि एकही सर्व्हिस बाहेर केली नसेल तर तेही लिहा. मागणी स्पष्ट हवी: गुडविल म्हणून खर्चात वाटा उचला, आणि बिघाडाचं निदान कोडसकट लेखी द्या. गुडविल हा तुमचा हक्क नाही, ती त्यांची मर्जी आहे. पण असं कार्ड समोर असलं की मर्जी लवकर होते. फोनवर बोलू नका. बोललातच तर त्यानंतर "आपलं असं बोलणं झालं" म्हणून ईमेल टाका.

उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवा. फुकट आहे, आणि बऱ्याच कंपन्या तिथल्या तक्रारींना उत्तर देतात. त्यापुढे ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सिंधुदुर्गनगरीला. कंपनीचं ऑफिस कुठेही असो. फी ठरवताना, तक्रार गाडीतल्या दोषाची असेल तर गाडीसाठी दिलेली किंमत धरतात. १० ते २० लाखांना फी ४०० रुपये, ५ लाखांपर्यंत काहीच नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ही दोन वर्षं नेमकी कधीपासून मोजायची यावर समोरचा वकील भांडेल, म्हणून बसून राहू नका.

दोष तपासणीशिवाय कळणारा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, कलम ३८ मध्ये तशी तरतूद आहे. आणि म्हणूनच सांगतो, ऑइल काढताना, चेंबर उघडताना फोटो आणि व्हिडिओ घ्या, त्या ऑइलची बाटली सीलबंद ठेवा. पुरावा गटारात ओतून मग माझ्याकडे येणारे पुष्कळ असतात.

आजोळ वेंगुर्ला

बाहेरच्या गॅरेजात उघडली तर कंपनी हात वर करणार नाही का?

कज्जेदलाल

वॉरंटी संपलेलीच आहे, काढून घेण्यासारखं काही राहिलेलं नाही. गुडविलसाठी मात्र फरक पडू शकतो. म्हणून कोड वाचणं आणि ऑइल बघणं एवढंच करा, आत हात नको. आणि आधी ईमेलने कळवा की तुम्ही निदान दिलं नाहीत म्हणून बाहेर तपासतोय. बाकी, सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना दंड ठोठावला होता. "आमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही" हे ऐकून दबून जाऊ नका.

जामसंडे

अपडेट. गाडी फ्लॅटबेडवर घालून कुडाळला नेली. कुडाळींनी सुचवलेल्या माणसाकडे कंट्रोलर वाचणारा स्कॅनर होता. कोड निघाले पी०२१८ आणि पी०७४६. ऑइल अगदी काळं, करपलेलं. चुंबकांवर फक्त राखाडी थर, कीस नाही. पुढचा कूलर चिखल आणि गवताने पार बुजलेला होता, तो तिथेच धुऊन घेतला. त्याचं म्हणणं, पट्टा-पुली बहुधा वाचलीय, व्हॉल्व्ह बॉडी बदलून बघावी.

हे सगळं फोटोंसकट कस्टमर केअरला पाठवलं. आज उत्तर आलं. आता असेंब्लीचं नाव नाही, फक्त व्हॉल्व्ह बॉडी. पार्टच्या किमतीत निम्मी सूट, मजुरी आणि ऑइल माझ्याकडे. मी मांडलेला हिशेब साधारण ५२,००० येतो. पण काम सुरू करण्याआधी एका पत्रावर सही मागतायत: "ह्या गाडीबाबत माझी यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही." करू का सही?

कज्जेदलाल

तशीच्या तशी नको. "ह्या दुरुस्तीपुरती" असा बदल मागा. नव्या व्हॉल्व्ह बॉडीची वॉरंटी किती महिने आणि किती किलोमीटर, मजुरीसकट की फक्त पार्टची, हे त्याच कागदावर यायला हवं. आणि त्यांचं निदान चुकलं, व्हॉल्व्ह बॉडी बदलूनही घसरणं राहिलं, तर हे पैसे असेंब्लीच्या बिलात वळते होतील का, ते विचारा. नाही म्हणाले तरी त्यांचं "नाही" लेखी घ्या. ५२,००० मध्ये सुटत असेल तर सौदा वाईट नाही, सही मात्र पत्र बदलल्यावरच.

ऑइलकॅन

जुनी व्हॉल्व्ह बॉडी परत मागा. एक्सचेंजमध्ये ठेवून घेणार असतील तर तसं बिलावर लिहायला सांगा. दुसरं, बऱ्याच सीव्हीटींत प्रत्येक व्हॉल्व्ह बॉडीचा स्वतःचा कॅलिब्रेशन डेटा असतो, तो कंट्रोलरमध्ये भरावा लागतो. नुसता पार्ट बसवून गाडी हातात दिली तर झटके तसेच राहतील आणि पुन्हा "गिअरबॉक्स गेला" ऐकाल. डेटा भरल्याचा प्रिंट मागा. ट्रायल कोल्हापूर शहरात घेऊ नका. मेकॅनिकला शेजारी बसवून पन्हाळ्याचा चढ चढवा, ऑइलचं तापमान स्कॅनरवर चालू ठेवून.