'कार्डिअॅक ग्लायकोसाइड'ला 'हृद्य' म्हणावं का?

प्रश्न: शाळांसाठी विषारी झाडांवर पत्रक लिहिते आहे. कण्हेर, बिट्टी आणि रुई यांच्यातल्या कार्डिअॅक ग्लायकोसाइडला, म्हणजे हृदयावर परिणाम करणाऱ्या विषारी द्रव्याला, 'हृद्य ग्लायकोसाइड' लिहिलं तर चालेल का? हृद्य म्हणजे हृदयाचं, म्हणून सुचलं.

उत्तर: ताई, कृपया नको. मराठीत सत्कार हृद्य असतो, आठवण हृद्य असते. आयुर्वेदात हृद्य म्हणजे हृदयाला मानवणारं. चरकाच्या हृद्य गणात आंबा, डाळिंब, बोर, महाळुंग आहेत. कण्हेरीचं संस्कृत नाव मात्र अश्वमारक, म्हणजे घोडा मारणारी! पत्रक मुलं वाचणार, तिथे हा शब्द घात करेल.

मी 'हृदयप्रभावी ग्लायकोसाइड' लिहीन. ही द्रव्यं हृदयाच्या पेशींतला सोडियम-पोटॅशियम पंप, म्हणजे सोडियम बाहेर टाकणारी यंत्रणा, अडवतात. पेशीत सोडियम साचतं, पाठोपाठ कॅल्शियम वाढतं आणि आकुंचनाला जोर येतो. डिजॉक्सिन हे हृदयाचं औषध याच कुळातलं. इंग्लिश डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पानांचे अनुभव छापले, तेव्हापासून डॉक्टर मात्रेला जपत आलेत, कारण औषध आणि विष यांत अंतर फार थोडं. मात्रा चढली की ठोक्यांची लयच बिघडते. 'प्रभावी'त दोन्ही बाजू मावतात.

'ग्लायकोसाइड' तसंच ठेवा. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ गोड, कारण रेणूला साखर जोडलेली असते. चव मात्र कडू. ज्यांनी आपल्या फुलपाखरांना मराठी नावं दिली त्यांना हे नेमकं कळलं होतं. रुईची पानं खाऊन वाढणाऱ्या नारिंगी फुलपाखराचं नाव 'बिबळ्या कडवा'. अळी रुईतलं विष अंगात साठवते, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. इतका चोख शब्द मला परिभाषाकोशातही क्वचित भेटतो.

प्रश्न: आणि या ग्लायकोसाइडच्या वर्णनात 'स्टेरॉइड' हा शब्द येतो, त्याचं काय? मुलांना व्यायामशाळेतली इंजेक्शनं आठवतील. शिवाय रुईची माळ तर आम्ही दर शनिवारी मारुतीला घालतो.

उत्तर: स्टेरॉइड म्हणजे कार्बनच्या चार जोडलेल्या कड्यांचा सांगाडा, कोलेस्टेरॉलमध्ये असतो तोच. एवढं एक वाक्य लिहा, पुरे. माळ खुशाल घाला. पान खुडताना देठातून पांढरा चीक येतो, बोटांना चिकटतो, तो हात डोळ्यांना लावू नका. चीक डोळ्यात गेला तर डोळा लाल होतो, दिसणं धूसर होतं. पत्रकात 'दूध' नको, 'चीक'च लिहा. आणि बिट्टीच्या बिया मुलं खेळायला उचलतात, तिचं चित्र सगळ्यात मोठं छापा.