कामगार स्पॅनिशभाषक, प्रशिक्षण इंग्रजी: लॉकआउट-टॅगआउट कसं शिकवावं?

यंत्रवेडा:
टेक्सासमधला खाद्यपदार्थ पॅकिंगचा कारखाना. सफाईच्या पाळीत बहुतेक कामगार स्पॅनिश बोलणारे. लॉकआउट-टॅगआउटचं, म्हणजे यंत्रात हात घालण्याआधी त्याची ऊर्जा तोडून कुलूप आणि सूचनेचा टॅग लावण्याचं प्रशिक्षण इंग्रजी स्लाइडवर होतं, शेवटी स्पॅनिश पत्रक वाटतात आणि सह्या घेतात. लेखी चाचणीत सगळ्यांना पैकीच्या पैकी. तरी कन्व्हेयरमध्ये काही अडकलं की लोक नुसतं स्टॉपचं बटण दाबून हात घालतात. ओशाला (अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा यंत्रणेला) सही चालते का? आणि नेमकं काय बदलावं?

निळंहेल्मेट:
सही चालत नाही. ओशाचं एप्रिल २०१० चं धोरणपत्र स्पष्ट आहे: प्रशिक्षण कामगाराला कळेल अशा भाषेत आणि कळेल अशा शब्दांत हवं. रोजच्या कामाच्या सूचना स्पॅनिशमधून देत असाल, तर हेही स्पॅनिशमधूनच द्यावं लागतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पत्रक देणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

आधी कामगारांची वर्गवारी तपासा. सफाईवाल्यांना बऱ्याचदा 'कुलपाला हात लावू नका' एवढंच शिकवतात. पण जो यंत्रात हात घालतो त्याला कुलूप लावण्याचं पूर्ण प्रशिक्षण हवं. कुलूप त्याचं स्वतःचं आणि किल्ली त्याच्याच खिशात. चालू उत्पादनातल्या किरकोळ, वारंवार करायच्या कामांना नियमात सूट आहे, पण दुसरं खात्रीचं संरक्षण असेल तरच. स्टॉपचं बटण हे तसं संरक्षण नाही.

मग लेखी चाचणी बाजूला ठेवा आणि प्रत्येकाला यंत्रापाशी नेऊन स्पॅनिशमध्ये सांगा, 'पट्ट्यात खोका अडकलाय. हात घालण्याआधी जे करशील ते करून दाखव.' 'समजलं का?' विचारलंत तर सगळे मान डोलावतील, विशेषतः मुकादम शेजारी उभा असेल तर. पाहायचं ते हे: आजूबाजूच्यांना सांगितलं का, यंत्र बंद केलं का, वीज आणि यंत्राला येणारी दाबाची हवा दोन्ही तोडल्या का, दोन्हींवर कुलूप आणि टॅग लागले का, सिलिंडरमधली उरलेली हवा सोडली का, आणि शेवटी स्टार्ट दाबून यंत्र हलत नाही हे पाहिलं का. शेवटच्या दोन पायऱ्या सर्वांत जास्त सुटतात. वीज गेली म्हणजे यंत्र मेलं असा समज असतो, आणि दाबाखालची हवा दांडा ढकलते. स्टार्ट दाबून झाल्यावर बटण पुन्हा बंद स्थितीत आणायलाही शिकवा.

दक्षिणवारा:
दुभाष्याबद्दल. मुकादमालाच दुभाषा करू नका. त्याच्यासमोर 'मला कळलं नाही' कोण म्हणेल? शिवाय तो लांबलचक सूचना 'काळजी घ्या' एवढ्यावर आणतो. स्पॅनिशमधून शिकवू शकणारा प्रशिक्षक मिळाला तर उत्तमच. दुभाषाच घ्यायचा तर मजकूर आणि यंत्राचे फोटो त्याला काही दिवस आधी द्या, दोन-तीन वाक्यांनंतर थांबा आणि वेळ जवळपास दुप्पट धरा. कान झाकून चालू लाइनजवळ बोलण्यात अर्थ नाही. बोलणं शांत जागी, प्रात्यक्षिक यंत्रापाशी.

आणखी एक गोष्ट नक्की तपासा. ग्वाटेमालाहून आलेल्या काहींची मातृभाषा माम किंवा किचे असते, मेक्सिकोच्या ओआहाकाकडच्या काहींची मिश्तेको. स्पॅनिश त्यांची दुसरी भाषा. भरतीच्या वेळी 'स्पॅनिश येतं का?' न विचारता 'घरी कोणती भाषा बोलता?' असं विचारा.

यंत्रवेडा:
सफाईच्या रसायनांचं काय? लेबल आणि सुरक्षा पत्रकं इंग्रजीच येतात.

निळंहेल्मेट:
इंग्रजी ठेवावीच लागतात, सोबत स्पॅनिश जोडता येतं. लाल चौकटीतली चित्रं एकेक करून शिकवा. कवटी म्हणजे तीव्र विषारी हे बहुतेकांना कळतं. छातीवर चांदणी असलेली माणसाची आकृती कर्करोग, श्वसनाची ॲलर्जी असे पुढे उमटणारे धोके दाखवते, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आम्ल आणि ब्लीच एकत्र केल्यावर क्लोरीन वायू निघतो, हे मात्र चित्रावर सोडू नका. तोंडी सांगा आणि त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा.

ओशाची स्पॅनिश पत्रकं तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. कारखाना लहान असेल तर राज्याची मोफत सल्लासेवा बोलवा: ती दंड करत नाही, पण सापडलेले गंभीर धोके ठरलेल्या मुदतीत दूर करावे लागतात.

दक्षिणवारा:
लॉकआउटच्या प्रत्येक कार्यपद्धतीची वर्षातून एकदा तपासणी सक्तीची आहेच. त्यातही दुभाष्याला सोबत घ्या आणि कुलूप कामगारालाच लावू द्या. नोंदीत तारीख, यंत्र, कामगारांची नावं आणि तपासणाऱ्याचं नाव लागतंच. भाषाही लिहून ठेवा.