जाऊबाईंच्या आजीचा समुद्र कुठला?

आगरातली
माझी धाकटी जाऊ लंडनची, मूळची पोलिश. तिची आजी लहानपणी कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या पोलिश निर्वासितांच्या छावणीत राहिलेली. मे महिन्यात दीर-जाऊ गुहागरला आले होते. पडवीत आठळ्या सोलता सोलता जाऊ सांगत गेली, दीर मराठी करत गेले आणि मी वहीत उतरवत गेले. आता त्यावर कादंबरी लिहायला घेतलीय. तीन प्रकरणं झाली. फेब्रुवारी १९४०, मध्यरात्री दारात रशियन शिपाई, घाईघाईत बांधलेली बोचकी, मग गुरांच्या डब्यातून थेट सैबेरिया.

अडलंय चौथ्यात. आजी म्हणायची, बोटीतून उतरलो, वाळूत आमचे कपडे जाळले, डोकी भादरली, मी समुद्राचं पाणी चाखून बघितलं. मी हा प्रसंग सरळ आमच्या किनाऱ्यावर आणला. सुरूचं बन, ओहोटी, कुर्ल्या, अगदी झकास जमलाय. आणि आता जाऊ कागद बघून म्हणते, ते हिंदुस्थानात कराचीला उतरले! कादंबरीच आहे, एवढं चालेल ना?

घाटावरचा
नाही चालणार, ताई. आणि तो समुद्र कराचीचाही नव्हे, कॅस्पियन. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा स्टालिनने या पोलिश लोकांना सोडलं. १९४२ मध्ये जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याबरोबर बायकामुलंही कॅस्पियनच्या रशियाकडच्या काठावरल्या क्रास्नोव्होड्स्कहून बोटीने इराणच्या पहलवी बंदरात आली. अंगावर उवा, त्यात उवांमधूनच पसरणाऱ्या टायफस तापाची साथ. म्हणून कपड्यांची होळी नि डोक्यांचा गोटा, दोन्ही तिथेच. कराची त्यानंतर. सुरूचं बन काढा. (वाईट वाटतंय, पण काढाच.)

रत्नांग्रीची
माझं साड्यांचं दुकान आहे. आंबा घाट चढून आम्ही माल आणायला जातो ते गांधीनगर म्हणजेच ही छावणी बरं का! १९४३ पासून पाचेक हजार पोलिश माणसं होती तिथे, शाळा, चर्च, नाटकं सगळं थाटात. १९४८ पर्यंत ती हलली आणि फाळणीत आलेले सिंधी तिथे वसले. तुमची कादंबरी तिथे संपवा की, एक निर्वासित निघाला, दुसरा त्याच बराकीत शिरला.

आणि आडनावं सांभाळा. बाप -स्की असेल तर आई नि मुलगी -स्का. सगळ्यांना एकच लावलंत तर पोलिश माणूस पहिल्याच पानावर हसेल.

घाटावरचा
गावांचंही तेच. आज युक्रेनमधलं ल्विव्ह तेव्हा पोलंडमध्ये होतं, ल्वुफ. आजीच्या तोंडी ल्वुफच हवं.

बाकी एक विचारतो. पाणी चाखून आजी काय म्हणाली? कॅस्पियन आपल्या समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश खारट असतो.

आगरातली
आता वही काढून बघितली. "अळणी लागलं, आईने पेज केली असती तर मीठ घालावं लागलं असतं." माझ्याच अक्षरात आहे, आणि वर मीच काट मारलीय. समुद्र अळणी कसा असेल, म्हातारीचा काहीतरी घोटाळा झाला असणार, असं वाटलं होतं मला.