एल्फिनस्टोन रीफ (इजिप्त) – ३० स्कूबा डाईव्हवर झेपेल का?

नमस्कार मंडळी, नोव्हेंबरात मार्सा आलमला जातोय, अॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट आहे, पण सगळे डाईव्ह नेत्राणी नि हॅवलॉकचे. एल्फिनस्टोनची भिंत खूप खोल जाते म्हणतात, बायको आत्तापासूनच डोळे वटारतेय. जाऊ का?
– पाणकोंबडा

जा, पण आधी किनाऱ्यालगत दोन डाईव्ह मारून कमरेची वजनं (पाण्यात खाली राहायला लागतात ती) नीट बसव. भिंतीला खाली तळच दिसत नाही रे, सगळं निळं, त्यामुळे आपण खाली चाललोय हेच कळत नाही. मी एका जाळीदार पंखा-कोरलवरचा इवलासा मासा बघत बसले, मनगटावरचा डाईव्ह काँप्युटर बघितला तर खोली ३४ मीटर! नायट्रॉक्स ३२ ची (३२ टक्के ऑक्सिजनवाली हवा) सुरक्षित खोलीची हद्दच तिथे संपते. हवेचा हिशोब आधीच कर, ३० मीटरवर पृष्ठभागाच्या चौपट हवा लागते, १२ लिटरची टाकी बघता बघता रिकामी.
– खारीताई

ताईंशी सहमत. रीफच्या उत्तर टोकाला करंट (पाण्याचा प्रवाह) दोन बाजूंना फुटतो, झोडियाकवरून (छोटी रबरी बोट) उडी मारली की लगेच खाली जायचं, वर रेंगाळलास तर रीफ हुकलीच समज. स्वतःचा एसएमबी (बोटीला आपण कुठे आहोत ते दाखवणारा, दोरीला बांधलेला फुगा) सोबत ने, वर येताना ५ मीटरवर सुरक्षेसाठी थांबताना धरायला काही नसतं, त्याची दोरी गुंडाळताना माझा तर पार गुंता झाला होता. त्या दिवसांत ओशनिक व्हाइटटिप शार्क दिसू शकतो, आला तर पाठ फिरवू नकोस.
– काका_कोकणातले

धन्यवाद! शार्कचं घरी सांगत नाही 😄
– पाणकोंबडा