जुलाब, उलटी, मळमळ : ताप-खोकल्याच्या पेशंटला पोटाचं नेमकं कसं विचारायचं?

एक माहितीपत्रक मराठीत करतेय, त्यासाठी मदत हवी आहे. विषय असा की फ्लू, कोविड, आरएसव्ही अशा श्वसनमार्गाच्या व्हायरल इन्फेक्शनमध्ये पोटाच्याही तक्रारी होतात, त्या पेशंटनी ओळखाव्यात आणि सांगाव्यात. सोबत पेशंटनं स्वतः भरायचा एक छोटा फॉर्म आहे. आधी कुणीतरी केलेल्या मसुद्यात मथळा आहे ‘जठरांत्रीय लक्षणे’ आणि खाली ‘दस्त, वमन, मितली, अरुची, उदरशूल’. यातले दस्त आणि मितली तर सरळ हिंदीतून आलेत आणि वमन म्हटलं की मला आयुर्वेदातलं मुद्दाम करवलेलं वमन आठवतं, आपोआप झालेली उलटी नाही.

मी मथळा ‘पोटाच्या तक्रारी’ केलाय. ‘पचनसंस्थेची लक्षणे’ चूक नाही, पण ज्याला ताप आहे, खोकला आहे, तो ‘पोट बिघडलंय’ असंच म्हणतो, आणि पोट बिघडलं म्हटलं की मनात पहिलं येतं ते काहीतरी खाल्लेलं बाधलं असणार. म्हणून तो ते डॉक्टरला सांगतच नाही. मला खरी काळजी त्याची आहे. तर जुलाब की अतिसार, मळमळ की उमासे, उलटी की ओकारी, आणि भूक नसणं कसं लिहायचं?

प्रतिसाद १

‘जुलाब’च ठेवा, पण जपून. हा शब्द मुळात फारसी, गुल आणि आब, म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचं जुलाब झालं, मग गोड औषधी सरबताला ते नाव पडलं आणि आपल्याकडे येईपर्यंत पोट साफ करायच्या औषधालाच जुलाब म्हणू लागले. म्हणून मराठीत आजही ‘जुलाब घेतला’ म्हणजे रेचक घेतलं आणि ‘जुलाब झाले’ म्हणजे पातळ संडास झाली, दोन्ही चालतं. यात गोची अशी की ‘जुलाबाचं औषध’ म्हटलं तर ते जुलाब व्हायचं की थांबायचं हे कळत नाही! पत्रकात कुठेही ‘जुलाबाचं औषध’ लिहू नका, ‘जुलाब थांबवायचं औषध’ असं पूर्ण लिहा.

अतिसार संस्कृत, ‘सृ’ म्हणजे वाहणे, त्यावरून अति वाहणे. शब्द छान आहे पण आजारी माणूस तो बोलत नाही. हगवण हा अस्सल मराठी आणि सगळ्यांना कळतो पण छापील फॉर्मवर लोकांना संकोच वाटतो. ढाळ आता फार कमी ऐकू येतो.

आणि नुसतं ‘जुलाब होतात का’ विचारलं तर एकदा पोट ढिलं झालं तरी लोक हो म्हणतात आणि चारदा झालं तरी ‘तसं काही विशेष नाही’ म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे २४ तासांत ३ किंवा जास्त वेळा पातळ शौचाला होणं, किंवा त्या माणसाच्या नेहमीपेक्षा जास्त वेळा. तेच वाक्य करा, ‘कालपासून किती वेळा पातळ संडास झाली?’

प्रतिसाद २

फक्त एक विनंती, ‘पोटाचा फ्लू’ हा शब्द पत्रकात येऊ देऊ नका. इंग्रजीवरून तो आता मराठीतही बोलला जातो, पण ज्याला लोक असं म्हणतात तो नोरोव्हायरस, रोटाव्हायरस यांच्यामुळे होतो, आपल्याकडे ज्याला नुसतं ‘गॅस्ट्रो झाला’ म्हणतात तो. फ्लूचा इन्फ्लुएन्झा व्हायरस वेगळा. मात्र खऱ्या फ्लूमध्येही उलट्या-जुलाब होऊ शकतात, मोठ्यांपेक्षा लहान मुलांत जास्त. म्हणजे दोन्ही बाजूंनी घोटाळा.

प्रतिसाद ३

मी बरीच वर्षं वॉर्डात काम केलंय, म्हणून उलटीबद्दल जरा लांबच लिहिते. तुमच्या फॉर्ममध्ये ‘उलटी होते का’ एवढाच प्रश्न असेल तर उत्तराचा उपयोग अर्धाच होईल. मराठीत ‘उबळ’ खोकल्याचीही येते आणि उलटीचीही येते, आणि या आजारांत या दोन्ही खरंच एकमेकींत मिसळतात. मूल खोकत खोकत लाल होतं आणि त्या उबळीत खाल्लेलं बाहेर पडतं, किंवा गिळलेला कफ उलटीतून पडतो आणि मग मुलाला बरं वाटतं. ही उलटी खोकल्याची आहे, पोटाची नाही. दुसरी उलटी म्हणजे आधी मळमळतं, तोंडाला पाणी सुटतं, पोटात ढवळतं आणि मग होते, खोकला असो नसो. आईला नीट विचारलं की ती दोन्हींतला फरक बरोबर सांगते, पण फॉर्मवर दोन्हीपुढे ‘उलटी : हो’ एवढंच येतं. म्हणून ‘खोकता खोकता उलटी होते की मळमळून होते?’ असं विचारा.

मळमळ आणि उमासे हे एकच नाहीत हेही लिहायला हवं. मळमळ आतल्या आत वाटते, बाहेरून दिसत नाही. उमासा येतो तेव्हा पोट, छाती सगळं ढवळून वर येतं पण बाहेर काही पडतंच असं नाही, म्हणून तर ‘कोरडे उमासे’. ओकारी आणि उलटीत अर्थाचा फरक नाही, ओकारी जरा घरगुती, एवढंच.

तसंच ‘पोटात दुखतं का’. खूप खोकून पोटाचे स्नायू दुखतात, तेही पेशंट ‘पोट दुखतं’ असंच सांगतो. कळ येणं आणि मुरडा येणं वेगळं, मुरडा आला की शौचाला लागते. आणि लहान मुलांत न्यूमोनिया फुप्फुसाच्या खालच्या भागात असेल तर मूल छातीऐवजी पोटावर हात ठेवतं, त्यामुळे ताप, खोकला आणि पोटदुखी एकत्र असतील तर ‘पोटाचं काहीतरी असेल’ म्हणून घरी थांबू नये, ही ओळ पत्रकात हवीच.

प्रतिसाद ४

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. बाळांसाठी वेगळे शब्द लागतील. तान्ह्या बाळाने दूध पिऊन थोडं तोंडातून काढलं तर ती गुळणी, तिला उलटी म्हणत नाहीत. आणि आरएसव्हीमध्ये महत्त्वाचं लक्षण ‘भूक मंदावणे’ असं लिहून कुणाला कळणार? ‘बाळ दूध ओढत नाही’ लिहा. नाक चोंदलेलं आणि धाप लागलेली असली की बाळ दोन घोट घेऊन सोडून देतं, ते भुकेचं नाहीच, श्वासाचं आहे.

प्रतिसाद ५

मोठ्यांच्या ‘भूक नाही’तही असंच आहे. ‘तोंडाला चव नाही’ हे आपण कुठल्याही तापात पूर्वीपासून म्हणत आलोय, त्याचा अर्थ खावंसं वाटत नाही. पण कोविडनंतर ‘चव गेली’चा अर्थ बदलला, गोड-खारट-आंबट कळतच नाही असा झाला, आणि त्यातही पुष्कळांचा खरं तर वास गेलेला असतो. हे दोन वेगळे प्रश्न करा, ‘खायची इच्छा होते का?’ आणि ‘चव, वास कळतो का?’. माझी आजी ‘अन्नावर वासना नाही’ म्हणायची, पहिल्या प्रश्नाला इतका नेमका शब्द दुसरा नाही, पण आजच्या वाचकाला वासना म्हटल्यावर भलतंच वाटेल, याचं वाईट वाटतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. जुलाबाच्या औषधाची चूक मी खरोखरच केली होती, आता सुधारली.

‘श्वासाच्या आजारात पोट कसं बिघडेल’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी वरती एक परिच्छेद घालतेय. कोविडचा व्हायरस पेशीत शिरायला जो एसीई-२ नावाचा रिसेप्टर (पेशीवरची व्हायरस चिकटायची जागा) वापरतो तो लहान आतड्याच्या आतल्या पेशींवरही भरपूर असतो, पेशंटच्या विष्ठेतही व्हायरसचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) सापडला. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेनं २०२० मध्ये मळमळ-उलटी आणि जुलाब लक्षणांच्या यादीत घातले. त्याआधी २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत ३०० हून जास्त लोकांना लागण झाली, त्यातल्या पुष्कळांना जुलाब होत होते आणि तपासात संशय सांडपाण्याच्या पाइपांवर आला. म्हणजे हे ‘सोबत झालेलं दुसरं काहीतरी’ नाही, त्याच आजाराचा भाग असू शकतो. ‘असू शकतो’ मुद्दाम लिहिलंय, कारण औषधानंही होतं, फ्लूवरच्या ऑसेल्टामिविरनं मळमळ-उलटी होते, अँटिबायोटिकनं जुलाब होतात. म्हणून ‘हे औषध सुरू करण्याआधीपासून आहे की नंतर?’ हाही प्रश्न आला.

एक शब्द अजून अडलाय. शरीरातलं पाणी कमी होणं याला मसुद्यात ‘निर्जलीकरण’ होतं, ते काढून मी लिहिलंय ‘तोंड कोरडं पडणं, लघवी कमी किंवा गडद होणं, उठल्यावर गरगरणं’. लहान मुलांसाठी ‘रडताना डोळ्यांत पाणी न येणं’ आणि ‘बराच वेळ लघवी न होणं’ घातलंय. प्रतिसाद ३ लिहिणाऱ्या ताई, वॉर्डात आया याला आणखी काय म्हणतात? ‘डोळे खोल गेले’ म्हणतात हे मला माहीत आहे.

प्रतिसाद ३ कडून

हो, ‘डोळे खोल गेले’ आणि ‘बाळ मलूल पडलंय’. दोन्ही घाला. मलूल हा शब्द आई वापरते तेव्हा मी हातातलं काम टाकून आधी त्या बाळाकडे जायचे.