परदेशात राहणारे ब्रिटिश पेन्शनर: शेजार, गप्पा, कुरकुरी. तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, तोरेव्हिएहा (स्पेन)

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं लेस्टरला नोकऱ्या करून रिटायर झालो आणि ब्रेक्झिटची मुदत संपायच्या आत, म्हणजे २०२० संपायच्या आत, इकडे अलिकांते प्रांतात येऊन पडलो. पासपोर्ट ब्रिटिश, पेन्शन ब्रिटिश, घरात वरणभात. कॉलनीत निम्म्याहून जास्त घरं इंग्रज म्हाताऱ्यांची, त्यामुळे स्पेनमध्ये राहतो म्हणायचं आणि दिवसभर ऐकायचं यॉर्कशायरचं इंग्रजी, असा प्रकार आहे.

यांच्या गप्पा हा एक वेगळाच विषय आहे. सकाळी कुत्रं फिरवायला निघाले की पहिलं वाक्य हवेचं, पण इथल्या हवेचं नाही, तिकडच्या. फोनवर अजून हल किंवा शेफील्डचं तापमान लावून ठेवलेलं असतं आणि "आज तिकडे सहा डिग्री, आडवा पाऊस" हे इतक्या खुशीत सांगतात की जणू लॉटरी लागली. मग कचऱ्याचा डबा भरलाय, कोणाची गाडी कोणाच्या जागेवर, पब क्विझला कोण चीटिंग करतं, आणि मार्च-एप्रिल आला की पेन्शन किती वाढणार. २०२२ च्या मार्चमध्ये सहाराची धूळ आली होती (कालिमा म्हणतात इथे), आख्खं आकाश नारिंगी, पांढऱ्या भिंती, गाड्या, स्विमिंग पूल सगळं चिखलाच्या रंगाचं. मी घाबरून खिडक्या लावून बसलेली आणि शेजारचे आजोबा हाफ पँटमध्ये झाडू घेऊन बाहेर. म्हणाले, बागेला फुकट खत मिळालं. बास, विषय संपला.

पण त्या वरवरच्या बोलण्यात किती काय चालतं हे हॉस्पिटलमध्ये कळलं. हेच आजोबा खुब्याच्या ऑपरेशनला ॲडमिट झाले. इथे पेशंटजवळ घरचं माणूस असणारच असं गृहीत धरतात, अगदी आपल्यासारखं. शेजारच्या खाटेभोवती स्पॅनिश खानदान, आजी, सुना, नातवंडं, डबे, रात्री खुर्चीत झोपणारा मुलगा. आणि आमचे आजोबा एकटे, मुलगी तिकडे मँचेस्टरला. तर कॉलनीतल्या बायकांनी काही न बोलता पाळ्या लावल्या. कोणी "आम्ही तुमची काळजी घेतो" वगैरे म्हणायचं नाही हं, फक्त "मी तसंही त्या बाजूला जाणारच होते." रोज सात-आठ माणसं त्या बाजूला जाणारच होती! मी वरणाचा डबा घेऊन गेले तेव्हा आजोबांनी ऑपरेशनबद्दल अक्षर काढलं नाही, हॉस्पिटलच्या पार्किंगवर मात्र अर्धा तास बोलले. जायला निघाले तर म्हणाले उद्या येशील तेव्हा डावीकडच्या गेटने ये, सावली असते. म्हणजे उद्या ये, हे सांगायची ही पद्धत.

तर तुमच्या ओळखीत, शेजारात, नात्यात असे कोणी असतील तर लिहा. तुम्ही स्वतःच असाल तर अजून उत्तम.

कांदोळीचो

ताई, मस्त विषय. आमचं घर गोव्यात कांदोळीला, वरच्या चार खोल्या भाड्याने देतो. बाबांच्या काळापासून गिऱ्हाईक इंग्रज पेन्शनर, नोव्हेंबरात यायचे ते मार्चला ऊन तापलं की जायचे, दरवर्षी तीच खोली, तीच खुर्ची, शॅकवर तेच टेबल. तुम्ही हवा म्हणालात ना, इकडे उलटं. इथे रोज ३२ डिग्री आणि रोज निळं आकाश, म्हणजे बोलायला काही नाही, तरी रोज सकाळी "आज पण छान आहे" हे एकमेकांना सांगतातच.

गंमत म्हणजे चहाच्या देशात येताना बॅगेतून टी-बॅगा घेऊन येतात! आमच्याकडच्या एक बाई तर महिन्याच्या हिशोबाने डबे भरून आणायच्या आणि एक डबा आईला. आईला तो चहा अजिबात आवडायचा नाही, पाणचट म्हणायची, पण घ्यायची. या दोघींचं नातं मला आजपर्यंत समजलं नाही. आईला इंग्रजी शून्य, बाईंना कोंकणी मराठी शून्य. सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की दोघी गेटवर. बाई बोट दाखवून दोन उंडे, एक पोळी घ्यायच्या (आमची पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, तुमची घडीची नव्हे), आई पोदेराला त्यांच्या वतीने शिव्या घालायची की कालचो पाव दिलोस. मग पंधरा-वीस मिनिटं गेटवरच उभ्या राहून बोलायच्या, ही आपल्या भाषेत, ती आपल्या भाषेत, माशांचे भाव, गुडघे, कुत्री. गल्लीतल्या चार भटक्या कुत्र्यांना बाईंनी नावं दिलेली, ती नावं आता सगळी गल्ली वापरते.

२०१९ च्या सप्टेंबरात थॉमस कुक ही मोठी ब्रिटिश ट्रॅव्हल कंपनी बुडाली, तिची चार्टर विमानं बंद झाली, पुढच्या मार्चला कोरोना, आणि मग ब्रिटिशांना ई-व्हिसा परत मिळायला २०२२ चा डिसेंबर उजाडला. तीन सीझन गेले. या वयात तीन सीझन म्हणजे खूप झाले हो. काही वारले, काहींना विम्याचा हप्ता परवडेना, काही व्हिएतनामला जातात म्हणे. बाई आल्या नाहीत. ख्रिसमसचं कार्ड येतं, त्यात अर्धं कार्ड कुत्र्यांची चौकशी.

परत आलेला पुणेकर

मी तुमच्या धाग्यातला "तुम्ही स्वतःच असाल तर" वाला. चाळीसेक वर्षं तिकडे काढून पुण्यात परत आलो, ब्रिटिश पासपोर्ट, ओसीआय कार्ड, कोथरूडला फ्लॅट. म्हणजे कायद्याने मी परदेशात राहणारा ब्रिटिश पेन्शनरच, फक्त परदेश म्हणजे माझं माहेर.

धागाकर्ती म्हणतात एप्रिलला पेन्शन किती वाढणार याच्या गप्पा होतात. आमच्याकडे होत नाहीत, कारण वाढतच नाही. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं म्हणून सविस्तर लिहितो. स्पेन, सायप्रस, अमेरिका, अगदी फिलिपिन्सला राहिलात तरी ब्रिटनची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते. भारत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इथे राहिलात तर इथे राहायला आलात किंवा पेन्शन सुरू झाली त्या दिवशीच्या आकड्यावर गोठते. २०१६ ला नवी पेन्शन आली तेव्हा पूर्ण रक्कम आठवड्याला १५५.६५ पौंड होती, २०२५ च्या एप्रिलला ती २३०.२५ झाली. मला अजून १५५.६५. औषधांचे, विम्याचे पैसे मात्र जागतिक भावाने. माझ्यासारखे जगभर साडेचार लाखांच्या आसपास आहेत, बहुतेक ऑस्ट्रेलिया-कॅनडात. गंमत अशी की मुलीकडे बर्मिंगहॅमला गेलो आणि पेन्शनवाल्यांना तसं कळवलं तर तिथे असेपर्यंत चालू दर मिळतो. विमानात बसून परत आलो की पुन्हा १५५.६५. मित्र म्हणतात मुलीकडेच राहा, जावई म्हणत नाही.

आणि हयातीचा दाखला! आपल्या सरकारी पेन्शनरांचा नोव्हेंबरमध्ये बँकेत असतो तोच प्रकार, फक्त यांचा फॉर्म पोस्टाने येतो, साक्षीदाराची सही घेऊन पोस्टानेच परत. फॉर्म गहाळ झाला तर तुम्ही वारलात. इकडचं पोस्ट आणि तिकडचं पोस्ट यांच्यामध्ये माझा जीव टांगलेला असतो.

गप्पांचं म्हणाल तर मला तिकडच्या त्या बिनकामाच्या हवेच्या गप्पा फार आठवतात. पुण्यात बागेत फिरायला जातो. ओळख नसेल तर कोणी बघत नाही, आणि ओळख झाली की पहिल्याच दिवशी पेन्शन किती, मुलाचं पॅकेज किती, मुलगी का नाही आली. मधलं काही नाहीच!

नुसती वाचक

"जावई म्हणत नाही" 😂😂 काका!

पाफोसची सून

माझा नवरा इंग्रज, सासूसासरे सायप्रसला पाफोसजवळच्या गावात राहतात. तिकडे गाड्या डावीकडून, प्लगसुद्धा ब्रिटनचेच तीन पिनी, बेट १९६० पर्यंत ब्रिटिशांचं होतं त्याचा परिणाम, त्यामुळे सासऱ्यांच्या मते ते परदेशात गेलेलेच नाहीत, फक्त ऊन असलेल्या इंग्लंडमध्ये गेलेत.

त्यांचा गप्पांचा एकच विषय आहे, रस्ता. आम्ही लार्नाकाला उतरून दोन तास गाडी चालवून पोचतो, लेकरू रडतंय, मी घामाघूम, आणि दारात पहिला प्रश्न, "कुठून आलात? ए-सिक्सने की किनाऱ्याकडून?" मग लिमासोलच्या बाहेर कुठे काम चालू आहे, कुठल्या एक्झिटला वळायला हवं होतं, किती मिनिटं वाचली असती. पाणी सासूबाई देतात. सुरवातीला मला वाटायचं याला आमच्या येण्याचं काहीच नाही का, नवऱ्याला विचारलं तर म्हणाला अगं सकाळपासून नकाशा उघडून बसला असेल तो. दोन वर्षांपूर्वी माझे आईबाबा गेले होते. बाबा एसटीत नोकरीला होते. दोघांनी अंगणात बसून, बाबांचं मोडकंतोडकं इंग्रजी, सासऱ्यांचा नकाशा, बाबांनी कागदावर काढलेला खंबाटकीचा घाट, जेवायला उठेनात!

सडेतोड

सगळं गोड गोड चाललंय म्हणून लिहितो. मी फुएनहिरोलाला हॉटेलात कामाला होतो. वीस-वीस वर्षं राहून यांना स्पॅनिशमध्ये बिअर मागण्यापलीकडे येत नाही. ऑगस्टात ३८ डिग्रीत रविवारी भाजलेलं बीफ, ग्रेव्ही, यॉर्कशायर पुडिंग लागतं. डॉक्टरकडे जाताना दुभाषी, बँकेत दुभाषी, आणि तिकडे मायदेशात कोणी इंग्रजी बोलत नसेल तर हेच लोक नाकं मुरडणार. यांच्या गप्पा गोड वाटतात कारण त्या कधी खऱ्या विषयावर येतच नाहीत. ब्रेक्झिटला स्वतः मत देऊन मग नव्वद दिवसांच्या नियमावर रडणारे मी डोळ्यांनी पाहिलेत.

धागाकर्ती

@सडेतोड, बरंचसं खरं आहे, नाही म्हणणार नाही. आमच्याकडे फक्त हिवाळ्यापुरते येणारे बरेच होते, त्यांना आता १८० दिवसांत ९० च्या वर राहता येत नाही, त्यामुळे जानेवारीच्या शेवटी बायका कॅलेंडरवर दिवस मोजताना दिसतात. आणि मत कोणी कुणाला दिलं हा विषय कॉलनीत कोणीच काढत नाही, काढला की क्विझची टीम फुटते, एकदा फुटलीय. पण भाषेचं म्हणाल तर लेस्टरला आपल्याच काही मंडळींनी चाळीस वर्षांत किती इंग्रजी शिकलं तेही बघा. सत्तरीत क्रियापदं पाठ करणाऱ्या दोन आज्या माझ्या स्पॅनिशच्या वर्गात आहेत, त्यांच्यासमोर मीच ढ ठरते.

अजून एक राहिलं, थंडी. स्पेन म्हणजे ऊन हे जाहिरातीत. घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली, फरशी गार, हीटिंग नाही, जानेवारीत घरात स्वेटर, बाहेर टी-शर्ट. मग बुतानोचा नारिंगी सिलिंडर, साडेबारा किलोचा, त्यावर चालणारी चाकाची शेगडी. ट्रकवाला सिलिंडर खडखड वाजवत आला की सगळे गाऊन घालून बाहेर, आणि हाच दिवसाचा मुख्य कार्यक्रम, कोणाचा किती दिवस पुरला यावर चर्चा. ब्रिटन सरकारचा हिवाळ्याचा इंधनभत्ता २०१५ पासून स्पेनवाल्यांना बंद झाला, सरासरी तापमान जास्त म्हणून. शेजारचे आजोबा यावर आजही बोलतात. फ्रान्सचा पण गेला, कारण सरासरी काढताना कॅरिबियनमधली फ्रेंच बेटं धरली! हे ते प्रत्येक नवीन माणसाला सांगतात आणि सांगताना इतके खुश असतात की भत्ता मिळाला असता तर काय बोलले असते हा प्रश्नच आहे.

पर्थची मावशी

आमच्याकडे पण गोठलेली पेन्शन, पुणेकर काकांना अनुमोदन. शेजारी जोडपं केंटचं, मुलामागे आले. अ‍ॅशेस चालू असली की काका कुंपणावर येऊन माझ्याशी बोलतात, कारण गल्लीत बाकी सगळे ऑस्ट्रेलियन आणि मी एकटी तटस्थ. इंग्लंड हरत असेल तर लॉनवर बोलतात. त्यामुळे मला स्कोअर बघावा लागत नाही.

नुसती वाचक

माझी पहिलीच प्रतिक्रिया म्हणायला हरकत नाही, वरची हसण्याची सोडून. आईबाबा पुढच्या महिन्यापासून दादाकडे पोर्तुगालात अल्गार्व्हला तीन महिने असणार आहेत, कॉम्प्लेक्समध्ये सगळे ब्रिटिश रिटायर्ड. बाबा बोलके आहेत, पहिल्याच भेटीत गाव, जात, पगार सगळं विचारतात. काय सांगून पाठवू?

धागाकर्ती

पगार अजिबात नको. घर कितीला घेतलं हे चालतं, उलट ते स्वतःच सांगतील आणि आता किती किंमत झाली तेही. तब्येत विचारू नये, कुत्र्याची विचारावी. कुत्रं नसेल तर कचरागाडी कधी येते ते विचारा, किमान वीस मिनिटं निघतात. दारात "या ना एकदा चहाला" म्हणाले तर लगेच चप्पल घालू नका, वार आणि वेळ सांगितली तरच जायचं. आणि बाबांना सांग बाकरवडी न्या भरपूर, इथे आमच्या क्विझ नाइटला ठेवली होती, मला एक तुकडा मिळाला नाही.

परत आलेला पुणेकर

बाकरवडी नेताना लसणीची नको. केंटवाल्यांना चालते, यॉर्कशायरवाल्यांना घाम फुटतो.